केसाला वाफसा

ओला केस चिमटीत धरून हलकेच ओढायचा. ताणला जाऊन परत जागेवर आला, तर ठीक. तट्कन तुटला, तर त्याला ओल कमी पडलीय. आणि रबरासारखा लांबतच गेला, परत आलाच नाही, तर ओल जास्त झालीय, आता थोडं प्रोटीन पाहिजे. ही परीक्षा मला माझ्या आईनं शिकवली, जिला प्रोटीन हा शब्द शेवटपर्यंत 'पोटीन' असाच म्हणता आला. पण ती परीक्षा मी शिकेपर्यंत माझ्या बायकोची निम्मी वेणी गेली होती, आणि बायकोही माहेरी जाऊन जवळजवळ हातची गेली होती.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. आमचं गाव निमगाव सावा. मी रोज मोटारसायकलवर नारायणगावला जायचो, एका खत-औषधांच्या दुकानात कामाला. लोक पिशवीतून पिकाचं पान घेऊन यायचे. मी ते उन्हात धरायचो, एक भुवई वर करायचो आणि म्हणायचो, "नत्र कमी पडलंय." दहापैकी सात जणांना मी नत्रच सांगायचो. उरलेल्या तिघांचं पान मला नीट दिसायचं नाही, त्यांना टॉनिक द्यायचो. तरी लोक मला 'डॉक्टर' म्हणायचे आणि मी त्यांना कधी अडवलं नाही.

बायको शिनोलीची. घोडेगावातून भीमाशंकरच्या रस्त्याला लागलं की ते गाव येतं. मुलगी बघायला गेलो तेव्हा ती पोह्यांचं ताट ठेवून आत वळली, आणि ती वळल्यावरच मी मनातल्या मनात होकार दिला. कमरेच्या खाली आलेली वेणी, काळी, जड, चालताना स्वतःच्या वजनानं झुलणारी. चेहरा मी नीट पाहिलाच नव्हता. तो लग्नात पाहिला. तोही बरा निघाला.

लग्नानंतर जोडीनं लेण्याद्रीला गेलो. पायऱ्या मोजायच्या असं आमचं ठरलं होतं. ती पुढं, मी मागं. वर पोचल्यावर तिनं विचारलं, "किती झाल्या?" मला एकही सांगता येईना. वेणी डावीकडून उजवीकडं आणि उजवीकडून डावीकडं किती वेळा गेली ते विचारलं असतं, तर चुकलो नसतो. आजही कोणी लेण्याद्रीचं नाव काढलं, की देवाच्या आधी मला ती वेणीच दिसते. देवानं आतापर्यंत माफ केलं असावं.

आता पाणी. शिनोलीचं पाणी मऊ. तिच्या माहेरी घराच्या मागंच विहीर, पलीकडं भाताची खाचरं. त्या पाण्यात साबण एकदा हाताला लागला की सुटता सुटत नाही. आमचं बोअरचं पाणी जड. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि बंबाच्या तळाला पांढरं पुट बसतं. त्या पाण्यानं डोकं धुता धुता सहा महिन्यांत तिचे केस राठ झाले. सुरुवातीला ती म्हणायची, "आमच्याकडच्या पाण्यानं असं व्हत नव्हतं." त्यावर घरात कोणीतरी म्हणायचंच, "व्हय, तुमच्या शिनोलीला गंगाच उतरलीय!" सगळे हसायचे, मीसुद्धा. मग तिनं ते बोलणं सोडून दिलं. ती गप्प झाल्याचं मला कळलं नाही. केस गळतात एवढं मात्र कळलं, कारण ते दिसत होतं.

दिसलं तेही दुसऱ्या कोणामुळे. केसांवर भांडी देणारी एक बाई तेव्हा गावोगाव फिरायची. गळलेल्या केसांचे गुंतवळ बायका भिंतीच्या फटीत नाहीतर डब्यात साठवून ठेवायच्या, आणि ही बाई ते घेऊन बदल्यात चहाची गाळणी, पळी, असलं काहीतरी द्यायची. एका रविवारी आमच्या हिनं डबा उपडा केला. बाईनं गुंतवळ हातात घेऊन वजन अजमावलं आणि अख्खं पातेलं काढून दिलं.

"वैनी," ती म्हणाली, "लई माल निघाला तुमच्याकडं. आसंच ठिवत चला."

बाई खूश, आई पातेल्यावर खूश. बायको मात्र ते पातेलं मांडीवर घेऊन बसून राहिली. मला काही ते बघवेना.

मग डॉक्टर कामाला लागले. मी एक गळलेला केस उन्हात धरला, भुवई वर केली. नत्र म्हणणार तेवढ्यात आठवलं, आठवड्यापूर्वी सलूनमध्ये नंबर लागायची वाट बघताना एका पुरवणीत वाचलं होतं: केस हा प्रोटीनचा बनलेला असतो. हे वाक्य मला फार पटलं होतं. त्याखाली अजून दोन कॉलम मजकूर होता, पण तेवढ्यात माझा नंबर लागला. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच चुका अशा नंबर लागल्यामुळे झालेल्या आहेत.

"प्रोटीन कमी पडलंय," मी तिला सांगितलं.

"मग?"

"अंडं."

तिनं घाबरून आतल्या खोलीकडं बघितलं. आई माळकरी. आमच्या घरात अंडं हा शब्दसुद्धा हळू आवाजात निघायचा. म्हणून उपचाराची जागा ठरली रानातली मोटरची खोली. मी नारायणगावातून खिशात अंडी घालून यायचो. पहिल्याच खेपेला गतिरोधकावर दोन फुटली आणि मी शर्टाला प्रोटीन देत घरी आलो. दुसऱ्या खेपेला अंडी सुखरूप पोचली, तिच्या डोक्याला नीट चोळली गेली, आणि मग मी, तिला थंडी वाजू नये म्हणून, चांगलं कडकडीत पाणी ओतलं.

अंडं शिजलं. डोक्यातच.

"अहो, हे काय बांडगूळ लागलं हाताला?" ती डोळे मिटून विचारत होती. मी तिच्या केसांतून भुर्जी वेचत होतो आणि धीर देत होतो, की हे औषध बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे.

घरी गेल्यावर आईनं नाक मुरडलं. "कसला गं वास हा?"

"औषधाचा," मी मध्येच म्हणालो.

"कंच्या पिकाच्या?"

गंमत अशी, की पहिल्या दोनतीनदा गुण आला. केस जरा भरल्यासारखे, ताठ वाटायला लागले. इथंच थांबायला हवं होतं. पण मी दुकानातला माणूस. गुण आला की डोस वाढवायचा, हे आम्ही गिऱ्हाइकाला सांगत असू. पंधरा दिवसांचं आठवड्यावर आणलं, आठवड्याचं दोन दिवसांआड. अंड्यात हरभऱ्याचं पीठ घातलं, पुढं सोयाबीनचं. एकदा द्राक्षावर फवारायची अमिनोची बाटलीही आणली होती, ती बघून बायको म्हणाली, "मी काय मांडवावर चढवलेला वेल हाय व्हय?" आणि ती बाटली तिनं स्वतः उकिरड्यावर नेऊन टाकली. त्या एका ठिकाणी तिनं मला अडवलं. बाकी सगळं सोसलं. मी काहीतरी करतोय, रविवारी तास दोन तास तिच्या जवळ बसतोय, एवढ्यासाठी ती सोसत होती, हे मला फार उशिरा समजलं.

कारण मधल्या काळात ती मला दुसरंच काहीतरी मागत होती. "मला आठ दिवस शिनोलीला सोडता का?" असं तिनं तीनदा विचारलं. एकदा कांद्याची लागण होती. एकदा दुकानात द्राक्षाचा सीझन होता. तिसऱ्यांदा काय कारण सांगितलं ते आठवतही नाही, म्हणजे कारण नसणार.

मग एक दिवस ती वेणी घालत होती. मी समोर चहा पीत होतो. शेंडा ओढून रिबिन बांधायला गेली आणि कडब्याची पेंढी मोडावी तसा आवाज आला. वीतभर शेंडा तिच्या हातात. ती रडली नाही, ओरडली नाही. तो शेंडा तिनं कागदात गुंडाळला, डब्यात ठेवला आणि म्हणाली, "आज मला शिनोलीला सोडा."

या वेळी 'सोडता का' नव्हतं.

मी तिला सोडलं. आठ दिवसांचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला. शिनोलीकडून येणाऱ्या माणसाबरोबर निरोप यायचा, "येत्या आठवड्यात." तो आठवडा काही येईना. गावात लोक विचारायला लागले, "काय डॉक्टर, वैनी दिसत न्हाईत?" मी म्हणायचो, "हवापालटाला गेलीय." घरात तिची फणी आरशाच्या मागं खोचलेली होती, फणीच्या दातांत दोन केस. मी ती फणी कोणाला हलवू दिली नाही. रविवारी सवयीनं मोटरच्या खोलीत जाऊन बसायचो. मोटर चालू असायची, पाणी धो धो पडायचं, आणि एवढं पाणी असून ते कुणाच्या कामाचं नाही असं वाटायचं.

शेवटी नारायणगावच्या बूथवरून फोन लावला. तिच्या घराशेजारच्या किराणा दुकानात फोन होता. तिथल्या माणसानं "थांबा पावणं, हाक मारतो" म्हणून जी हाक मारली, ती मला नारायणगावपर्यंत फोनशिवायही ऐकू आली असती. बराच वेळ नुसता शेंगदाणे तराजूत ओतल्याचा आवाज. मग ती आली. धाप लागलेली.

"बोला."

बूथच्या काचेबाहेर दोघंजण रांगेत, तिच्या बाजूला अख्खं दुकान कान देऊन. मनात एकच वाक्य होतं: ये आता. तोंडातून निघालं, "केस कसे आहेत?"

पलीकडं पुन्हा शेंगदाणे ओतले गेले.

"केस बरे हायेत," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी मी शिनोलीला जाऊन धडकलो. विहिरीजवळच्या दगडावर ती केस सोडून बसली होती आणि सासूबाई मऊ पाण्यानं तिचं डोकं धूत होत्या. बाजूला उकळलेली शिकेकाई, वाटीत कोरफडीचा गर आणि जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत रस. माझ्याकडं न बघताच सासूबाई म्हणाल्या, "या जावईबापू. बसा. तुमी खताच्या दुकानात ना?"

"हो."

"मग मला अडाण्याला येवढं सांगा. वाळल्या रानात युरिया टाकला तर काय व्हतं?"

"पीक जळतं."

"मंग माझ्या लेकीचं डोस्कं काय डांबरी सडक हाय? आधी पाणी द्यायचं, मग खत! आन् तेबी चिमूटभर!"

तिचे खांदे हलले. हसत होती की रडत होती ते ओल्या केसांच्या आड दिसलं नाही. हसत असावी, कारण मी बघतोय म्हटल्यावर तिनं केस अजून पुढं ओढले.

त्याच दिवशी ती माझ्याबरोबर निघाली. कोणी तिला 'जा' म्हणालं नाही, मी 'चल' म्हणालो नाही; पिशवी भरून ती स्टॉपवर येऊन उभी राहिली. एसटीनं मंचर मागं टाकलं. मग ती खिडकीकडं बघत म्हणाली, "केसाचं निमित्त व्हतं."

"म्हणजे?"

"म्हंजे काय म्हंजे? येक म्हयना वाट बघितली. तुमी येकदा बी 'ये' म्हणला न्हाईत. फोन केला त्यो केसाची इचारपूस करायला."

मी म्हणालो, "मला तेच म्हणायचं होतं. 'केस कसे आहेत' म्हणजे 'ये'."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं वळून बघितलं. "आसं व्हय? मग तसं आधी सांगायचं. मी उगंच केसाचं उत्तर दिलं."

घरी आल्यावर आईनं तिला न्हाणीपाशी बसवलं आणि एक ओला केस चिमटीत धरून ओढला. केस लांबला, लांबतच गेला, लोंबत राहिला. महिनाभर रोज कोरफड, रोज तेल, रोज पाणी. शिनोलीनंही माझ्यासारखाच डोस वाढवला होता, फक्त उलटा. आईनं मला जवळ बोलावलं.

"पेरायच्या आधी रानात मूठ का वळतोस रं?"

"वाफसा बघायला."

वाफसा म्हणजे रानाची ती वेळ, जेव्हा मातीत ओल असते पण चिखल नसतो. मुठीत लाडू वळतो आणि खाली टाकला की फुटतो. शहरातल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागतो. आमच्याकडं तो लहानपणीच समजतो, फक्त वापरायचा कुठं ते कळत नाही.

"मग केसाला नको व्हय वाफसा?" आई म्हणाली. "तू पार वाळवलं हिला, त्यांनी गाळात घातलं. आता पाणी तर झालं. म्हयन्यातनं येकदा ते तुझं पोटीन लाव."

"आई, पण अंडं..."

"मोटरच्या खोलीमागं टरफलं काय कोल्हा टाकत व्हता? लावायचं तर लाव. फकस्त टरफलं लिंबाच्या बुडाला टाकत जा, वाया घालवू नगं."

त्यानंतर बायकोनं एकच अट घातली: महिन्यातून एकदा शिनोली. आणि मी तिथून पाणी आणायला लागलो. दुकानातला काळा वीस लिटरचा कॅन, आधी समुद्री शेवाळाच्या टॉनिकचा. मी तो सात वेळा धुतला. तरी पहिल्या खेपेला, जन्मात समुद्र न पाहिलेल्या माझ्या बायकोच्या डोक्याला चार दिवस मासळीबाजाराचा वास येत होता, आणि आईनं मला चार दिवस ताट लांबून सरकवलं. पुढं वास गेला. केस परत आले. पहिल्याइतके नाहीत, कमरेपर्यंत. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवरची ती वेणी काही परत आली नाही. ती मी खाऊन बसलो.

दहा-बारा वर्षं तो कॅन एसटीनं आणि मोटारसायकलवर शिनोली-निमगाव करत राहिला. मग दोन्ही घरांत मोबाईल आला, आणि त्याच हिवाळ्यात सासूबाई अंथरुणाला खिळल्या. बायको त्यांच्याकडं राहायला गेली. खाली रेंज नव्हती, ती माळ्यावर चढून बोलायची. मी संध्याकाळी विचारायचो, "केस कसे आहेत?" ती म्हणायची, "बरे हायेत," म्हणजे अजून आईला सोडता येत नाही. फणी परत आरशाच्या मागं खोचलेली, आणि मी परत ती कोणाला हलवू देत नव्हतो. एवढ्या वर्षांत आई गेली होती आणि माझं स्वतःचं टक्कल पडलं होतं. घरात फणीची गरज असलेलं कोणी नव्हतंच.

एकदा मात्र ती म्हणाली, "कोरडे पडलेत."

मी तसाच निघालो.

तिच्या केसांना महिना दीड महिना धड पाणी लागलं नव्हतं. सासूबाईंची खाट आम्ही मागच्या दारात, विहीर दिसेल अशी ठेवली. मी बायकोला दगडावर बसवलं आणि बाह्या सरसावल्या. खाटेवरून बारीक आवाज आला, "कोमट पाणी घ्या, जावईबापू. भुर्जी करू नगा."

भुर्जीची गोष्ट त्यांना माहीत होती, हे मला त्या दिवशी कळलं. एवढी वर्षं दोघी मायलेकी माझ्यावर हसत होत्या तर. मी शिकेकाई लावली, जास्वंदीचा रस लावला, मग एक केस ओढून खाटेपाशी नेऊन दाखवला. एवढं बारीक त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी बोटांनी चाचपला, ताणला, सोडला. "आला," म्हणाल्या. "वाफसा आला." तो शब्द आमच्या निमगावचा. भाताच्या खाचरातल्या माणसांना चिखल लागतो, वाफसा नाही. त्यांनी तो लेकीकडून घेतला असणार.

उन्हाळा लागायच्या आत त्या गेल्या. सगळे विधी उरकून निघताना मी सवयीनं कॅन भरला. बायकोनं बघितलं. निमगावला आल्यावर कॅन भरलेलाच न्हाणीच्या कोपऱ्यात राहिला, आणि महिन्याची शिनोलीची खेपही थांबली. ती बोअरच्या पाण्यानं डोकं धुवायची. केस पुन्हा राठ होत गेले. मी अंड्याचं नाव काढलं नाही, पाण्याचं काढलं नाही. डॉक्टरकीतून मी तोवर निवृत्त झालो होतो.

मग एका रविवारी ती केस सोडून पाठमोरी बसली आणि म्हणाली, "अहो, केस कसे हायेत बघा."

हा प्रश्न माझा होता. तो मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मी एक केस चिमटीत धरला, हलकेच ओढला. तुटला.

"कोरडे आहेत," मी म्हणालो.

तिनं तुटलेला केस माझ्या हातातून घेतला. मग म्हणाली, "आणा त्यो कॅन."

मी झाकण उघडून तिच्या नाकापाशी धरलं. "हिरीचा वास न्हाई येत," ती म्हणाली. "कॅनचा येतोय." तरी तिनं डोकं पुढं केलं. पाणी कोमट करून मी हळूहळू ओतत गेलो, आणि निम्मा कॅन झाल्यावर तिनं माझा हात धरला.

"बास. बाकीचं राहू द्या."

झाकण तिनं स्वतःच्या हातानं घट्ट लावलं.